चांगल्या पायाची पट्टी

“मावशी, दोन डिस्क दिसतायत ना? त्यातली विंडोजची निवड आणि ‘सगळं पुसा’वर टिचकी मार. झालं.”

मापबाईंनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. भाची फोनवर होती, तिला हे दिसत नव्हतं.

“दोन्ही सारख्याच आहेत गं. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. एकीला ए म्हटलंय, दुसरीला बी.”

“मग विंडोजची ए असणार. बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे किती?”

“नव्वद टक्के धर.”

“आणि उरलेल्या दहा टक्क्यांत एकोणीसशे माणसांचे पाय आहेत. ते कोण धरणार?”



कृत्रिम पाय बनवणाऱ्या या कार्यशाळेत मापबाई तेवीस वर्षं मापं घेत होत्या. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. दर तीन सेंटिमीटरवरचा घेर, हाड कुठे टोचतं, कुठे दाब सहन होतो, सगळं दोनपैकी एका डिस्कवर होतं. दुसरीवरची विंडोज मात्र म्हातारी झाली होती. जुनी विंडोज असलेले संगणक सोमवारी आतल्या सामानासकट उचलून नेणार, असं मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं. नवा संगणक मंजुरीत अडकला होता. पेनड्राइव्हवर जेमतेम यंदाची मापं मावली. कार्यशाळेचे डॉक्टर म्हणाले होते, “विंडोजच्या जागी ते फुकटचं लिनक्स-बिनक्स काय ते टाका. सोमवारी चालू दिसलं तर मी भांडेन तुमच्या बाजूने.” भाचीने लिनक्स दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर भरून पाठवलं होतं.

बाहेर बाकावर एक शिक्षिका कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन बसली होती. सात वर्षांपूर्वी इथेच बनवलेला तिचा कृत्रिम पाय मोडला होता. त्यानंतर दुसरीकडे करून घेतलेले दोन्ही पाय चावत होते. तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता.

“सापडलं का माझं जुनं माप?” तिने दारातून विचारलं.

“हरवलेलं नाहीये अजून,” मापबाई म्हणाल्या. “हरवू नये म्हणून तर बसलेय.”

ए की बी. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्या अशाच एका माणसासमोर बसल्या होत्या. समोरच्याचा डावा तो आपल्या उजव्या हाताला येतो, हे विसरून माप भलत्या बाजूचं लिहिलं. पाय तयार झाला, माणूस उभा राहिला आणि अंगठा बाहेरच्या बाजूला. तो माणूस पोट धरून हसला होता. त्यांना हसू आलं नव्हतं. तेव्हापासून मापाची टेप काढण्याआधी त्या चांगल्या पायाला पिवळी पट्टी बांधत. पट्टी असलेल्या पायाला कुणी हात लावायचा नाही. आधी सगळे चेष्टा करायचे; आता सगळेच बांधतात.

“ऐक, मी संगणक बंद करतेय,” त्या म्हणाल्या.

“का? काय झालं?”

“काही नाही. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती पुसली जाईल का?”

भाची हसली. “नाही गं. हे मला सुचायला हवं होतं.”

त्यांनी लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि प्लग काढला, स्क्रू फिरवले, संगणकाचं झाकण उघडलं. आत दोन डिस्क जुळ्या बहिणींसारख्या. वरचीची वायर काढून त्यांनी प्लग लावला, बटण दाबलं. काळा पडदा. म्हणजे विंडोज वरचीवर होती. पुन्हा बंद करून तिची वायर जोडली, खालचीची काढली. कण्हतकुथत विंडोज शेवटची उठली. मापबाईंनी ती नीट बंद केली, खिशातली पिवळी पट्टी काढली आणि खालच्या डिस्कला बांधली.

लिनक्सचा पेनड्राइव्ह परत लावला; आता यादीत एकच नाव होतं. त्यांनी ‘सगळं पुसा’ दाबलं.

पाऊण तासाने नवा, स्वच्छ पडदा आला. बंद करून त्यांनी खालची डिस्क जोडली, पुन्हा चालू केलं.

“अगं, मापांची डी ड्राइव्ह कुठेय? डी दिसत नाही.” त्या पडद्याजवळ वाकल्या.

“लिनक्समध्ये डी नसतो, मावशी. डावीकडच्या यादीत बघ. डिस्कला काही नाव दिलं होतंस का?”

दिलं होतं, कित्येक वर्षांपूर्वी. यादीत तळाशी ते दिसलं: पाय. त्यांनी टिचकी मारली. एकोणीसशे माणसं रांगेत उभी होती, एकही न हरवता.

“ताई, आत या,” त्यांनी हाक मारली. “तुमचा पाय जागेवर आहे.”

आजचं माप जुन्याशेजारी ठेवल्यावर उत्तर समोर आलं: पोटरीचं मांस उतरलं होतं, हाड तसंच होतं. नंतरचे पाय करणाऱ्यांनी नेमका हाडावर भार दिला होता. शनिवार-रविवार मापबाईंनी साचा घासून नवा पाय तयार केला.

सोमवारी संगणक न्यायला आलेला माणूस ढकलगाडी घेऊन दारात थांबला, कारण वाटेत दोन दांड्यांच्या मधून शिक्षिका चालत होती. चौथ्या फेरीला तिने दांड्यांवरचे हात उचलले.

“चावतोय का?” मापबाईंनी विचारलं.

“विसरले होते बघायला,” ती म्हणाली, आणि चालत राहिली.

डॉक्टरांनी त्या माणसाला नवा पडदा दाखवला, कागदावर सही घेतली. रिकामी गाडी खडखडत परत गेली. मग संगणकाचं उघडंच राहिलेलं झाकण लावायला वाकलेले डॉक्टर थबकले.

“मापबाई, आत ही चिंधी कसली? काढू का?”

“राहू द्या,” त्या टेप गुंडाळत म्हणाल्या. “तो चांगला पाय आहे.”