नणंदेचा डबा

फिटरबाईंनी शिडीवरून खाली बघितलंसुद्धा नाही. दातांत स्क्रू धरून त्या धाकट्या जावेला खांबावर आवळत होत्या.

तळहाताएवढे तीन बिनतारी डबे. बाईंनी मार्करने त्यांच्यावर नावं टाकली होती : थोरली जाऊ, नणंद, धाकटी जाऊ. भट्टीच्या पंख्याला चिकटवलेला सेन्सर बेअरिंग किती तापलंय ते हळूच थोरलीच्या कानात सांगायचा. थोरली नणंदेला, नणंद धाकटीला, आणि धाकटी कंट्रोल रूमला. घरातली भानगड दार न उघडता गल्लीच्या टोकाला पोचते ना, अगदी तशी.

"संध्याकाळपर्यंत सगळे डबे खाली हवेत," खालून साहेब म्हणाले. "हा पसारा कशाला? सेन्सरचा आवाज फुल करा. थेट पोचेल."

"मधे एवढी लोखंडी टाकी आहे, साहेब. आणि बोंबलायला लावलं तर पंधरा दिवसांत सेल संपेल. भट्टीमागे सेल बदलायला तुम्ही जाणार? कुजबुजू दे, चार वर्षं बघायला नको."

"बाई, उतरा."

"नाही उतरत."

"उद्यापासून तुम्ही स्टोअरला."

"जाईन. पण डबे मी नाही काढणार."

साहेबांनी स्वतःच कठड्यावरची नणंद उपटली, काखेत मारली आणि टाकीला वळसा घालून तरातरा निघाले. टाकीच्या कोपऱ्याशी पोचले तोच कंट्रोल रूमची खिडकी उघडली.

"साहेब, हलू नका," आतून ऑपरेटरकाका म्हणाले. "मगाशी गेलेलं रीडिंग परत आलंय. बेअरिंग सत्त्याण्णव अंशांवर आहे."

साहेब एक पाऊल पुढे सरकले.

"गेलं. मागे या."

साहेब मागे आले.

"आलं. अठ्ठ्याण्णव. पंखा बंद करतोय."

घरघर हळूहळू बसली. बाई शिडी खांद्यावर टाकून कोपऱ्याशी आल्या. साहेब काखेत डबा दाबून, फोटोला उभं केल्यासारखे ताठ.

"हे किती वेळ धरायचं?"

"बेअरिंग निवेपर्यंत. आणि जरा वर धरा. काखेत तिला नीट ऐकू येत नाही."

साहेबांनी डबा डोक्यावर धरला. बाईंनी शिडी त्यांच्या शेजारच्याच भिंतीला टेकवली.

"इथेच ठोकू?"

मोकळ्या हाताने साहेबांनी शिडी घट्ट धरली.