चिमटीतलं बळ

चिमटीतून निसटलेला सुळा टेबलाच्या कडेवर आपटला आणि खाली सांडलेल्या प्लास्टरच्या भुकटीत जाऊन पडला. सकाळपासूनचा हा तिसरा. दातवालीने हात पटकन एप्रनखाली घेतला.

"आज दातांना फारच पाय फुटलेत," असं म्हणत लेकीने वाकून सुळा उचलला, फुंकर मारली, तापल्या सुरीने मेण जरा ऊन केलं आणि एका दमात तो जागेवर बसवला. दातवाली बघत राहिली. असा दात बसवायला तिला स्वतःला पाच वर्षं लागली होती. पोरीने दोन सुट्ट्यांत तो हात कमावला होता.

कवळ्या बनवायचं हे दुकान आधी तिच्या आईचं होतं. दंतवैद्य साचे पाठवायचे, इथून दात जायचे. अर्धं शहर आपल्या जिवावर चावतं, असं दातवाली गमतीने म्हणायची, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. लोक तिला तोंडावरसुद्धा दातवालीच म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट बरंच वाटे.

"तीन वाजता रेडिओवाल्या बाई फोन करणार आहेत," लेक म्हणाली. "आज हो की नाही सांगावंच लागेल. नाहीतर दुसरीला घेतील."

बातम्या वाचायची नोकरी होती. साठ मुलींमधून हिचा आवाज निवडला होता.

"तुझं मन काय म्हणतं?"

"मला दोन्ही आवडतं गं. तू राहा म्हणालीस तर राहीन. खरंच." ती थांबली. "आणि इस्पितळातून आलेलं माझं ते पाकीट उघडलंस का? मला नाही धीर होत. तूच वाच आणि सांग."

"बघते," दातवाली म्हणाली.

पाकीट तिने कालच उघडलं होतं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना सांध्यांची झीज घराण्यातून कशी उतरते ते पाहायचं होतं, म्हणून आजी, आई आणि नात अशा तिघींची लाळ त्यांनी तपासायला नेली होती. पत्रातलं अर्धं डोक्यावरून गेलं, म्हणून आज सकाळी तिने जिन्यात उभं राहून त्यांना फोन लावला होता.

"एका जनुकातला फरक आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडे त्याची एकच प्रत आहे. मुलीकडे दोन आहेत, एक तुमच्याकडून आणि एक वडिलांकडून."

वडिलांच्या हातांकडे कधी कुणी पाहिलंच नव्हतं. बोटं कुरकुरायच्या वयाला पोचण्याआधीच ते गेले होते.

"म्हणजे तिला होणारच?"

"होणारच असं कुणी सांगू शकत नाही. धोका बराच जास्त आहे, एवढंच. झालंच तर तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी होईल. त्यात चिमटीचं काम रोज तासन् तास केलं, तर सांधे लवकर बोलायला लागतील. दुसरं काही करता येत असेल तर करू द्या तिला."

दुसरं काही करता येत होतं. तीन वाजता त्याचाच फोन यायचा होता.

पण दातवालीच्या उजव्या अंगठ्यातला जोर सहा महिन्यांपूर्वीच गेला होता. शेवटच्या चार कवळ्या खऱ्या अर्थाने लेकीनेच केल्या होत्या. ती गेली की दुकान महिनाभरही तग धरणार नाही, हे दातवालीला ठाऊक होतं. तिला याची लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

ती उठून मागच्या खोलीत गेली. आजी खिडकीपाशी बसली होती. तिची बोटं पेरापेरांवर गाठाळली होती आणि टोकांशी एका बाजूला कलली होती. ती दोन्ही तळव्यांमध्ये पेला धरून पाणी पीत होती.

"आई, माझेही हात जाणार हे तुला कधी कळलं?"

आजीने पेला सावकाश खाली ठेवला. कशाबद्दल विचारतेस, असं तिने विचारलं नाही.

"तुझ्या लग्नाआधी. करंगळीचं वरचं पेर जरा फुगलं होतं तुझं. माझ्या आईचं तिथूनच सुरू झालं, माझंही तिथूनच."

"तेव्हा मला शिक्षिकेच्या कोर्सला जागा मिळाली होती."

"हो. मिळाली होती."

"मग बोलली का नाहीस?"

आजीने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"माझ्या चिमटीत तेव्हा काही राहिलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "मला हात हवे होते गं. तुझे होते."

दातवालीला संताप यायला हवा होता. ती त्याची वाट बघत उभी राहिली. पण संताप आला नाही. आईचं म्हणणं तिला सरळ पटलं, अगदी आतून पटलं.

दुकानात फोन वाजला. ती बाहेर आली तेव्हा लेक एका हाताने फोनचं तोंड दाबून उभी होती. दुसऱ्या हातात मेणाची सुरी तशीच होती.

"त्याच आहेत," ती कुजबुजली. "काय सांगू? आणि पाकिटात काय निघालं?"

दातवालीने टेबलावरची अर्धी कवळी हातात घेतली. वरच्या दाढा अजून बसायच्या होत्या. दुसऱ्या हाताने तिने लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"काही नाही निघालं. सगळं ठीक आहे."

"मग?"

"नाही म्हणून सांग."

लेकीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि फोनवरचा तळवा काढला. जमणार नाही, क्षमा करा, असं तिने सांगितलं. एकेक शब्द स्वच्छ आणि सुटा होता, मागच्या खोलीत आजीलाही ऐकू जाईल असा.