पुढची बाजू

"गॅलरीतलं झाड कुठंय?" ताईने चपला काढायच्या आधीच विचारलं. कठड्याजवळच्या स्टुलावर कुंडीचा चौकोनी ओला डाग तेवढा उरला होता.

भावजय स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. भाऊ सोफ्यावरून हसत म्हणाला, "अगं, साहेबांना दिलं. नवं घर घेतलंय ना त्यांनी. रिकाम्या हातानं कसं जायचं? एकदम खूश झाले!"

"मला न विचारता?"

"तू ड्यूटीवर होतीस. आणि झाडच तर आहे, ताई. दुसरं आण की. नर्सरीत स्वस्तात मिळतं तसलं."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वस्तात मिळालं होतं हे खरंच. सहा वर्षांपूर्वी नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात, मरतुकड्या रोपांच्या रांगेत ते जपानी मेपल उभं होतं, काठीसारखं सरळसोट. नर्सरीवाला स्वतःच म्हणाला होता, "हे नका नेऊ बाई, यात काही दम नाही." पण खाली बुडाशी एक हडकुळी फांदी होती आणि ताईची नजर तिच्यावर गेली. घरी आणून तिने त्या फांदीच्या वरचा अख्खा बुंधा करवतीने उडवला. "मारलंस ना बिचाऱ्याला!" असं तेव्हा हाच भाऊ म्हणाला होता. त्या हडकुळ्या फांदीचाच पुढे शेंडा झाला. मुळं छाटून, फांद्यांना वळण द्यायला तारा गुंडाळून, उथळ कुंडीत बसवून सहा वर्षांत वीतभर उंचीचं, जुन्या झाडासारखं दिसणारं बोन्साय उभं राहिलं. कापल्याचा व्रण मागच्या बाजूला आला होता, समोरून पाहणाऱ्याला तो दिसत नसे.

"तारा काढल्यास का त्याच्या?" तिने विचारलं.

"तारांमुळेच तर भारी दिसतं ते!"

ताईने कपाळावर हात मारला. सव्वीस वर्षं ती इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत काम करत होती. नव्या पोरींना ती एकच सांगायची, "बांधायला कुणीही शिकतं गं. सोडायचं कधी, ते कळलं पाहिजे." झाडाला नवी पालवी फुटली होती, फांद्या जाड व्हायला लागल्या होत्या. येत्या रविवारी तारा काढायच्या असं तिने ठरवलं होतं. आणखी आठ-दहा दिवस राहिल्या तर त्या सालीत रुतणार होत्या.

रविवारी तिने पर्समध्ये पक्कड टाकली, भावाच्या डायरीतून पत्ता काढला आणि साहेबांचं घर गाठलं. दार साहेबांच्या बायकोने उघडलं.

"मी त्यांची मोठी बहीण. झाडाच्या तारा काढायला आलेय."

"या, या! बघा, कुठं ठेवलंय ते."

झाड टीव्हीशेजारी होतं, एसीच्या थेट वाऱ्यात. पानांच्या कडा करपल्या होत्या. आणि समोर, अगदी मधोमध, तो कापल्याचा व्रण. कुंडी मागची बाजू पुढे करून ठेवली होती.

"तुमच्या भावानं स्वतःच्या हातानं मांडलं हो. काय कलाकार माणूस! सहा वर्षं खपले म्हणे या झाडासाठी."

सहा वर्षं! ज्याने त्या कुंडीत कधी चूळभर पाणीसुद्धा घातलं नव्हतं, तो! याचं लग्न झालं तेव्हा तिने याला आपली मोठी खोली दिली आणि स्वतः गॅलरीलगतच्या अडगळीच्या खोलीत गेली. तेव्हाही "ताईला काय लागतं?" असंच सगळे म्हणाले होते. तिने पर्समधून पक्कड काढली.

तार उलगडायची नसते, उलगडताना फांदी मोडते. तुकडे करून काढायची. "हलायचं नाही हं, झालंच," ती सवयीने पुटपुटली. एका जागी तार रुतलीच होती. ती निघाल्यावर सालीवर वळसा उमटलेला दिसला.

साहेबांची बायको तिच्या हातांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "हे तुम्ही केलंय ना?"

ताईने कुंडी फिरवली. व्रण मागे गेला आणि सगळं झाड पुढे झुकून उभं राहिलं.

"ही पुढची बाजू. ज्यानं केलं त्याला पुढचं-मागचं कळतं." मग एक श्वास घेऊन ती म्हणाली, "हे झाड माझं आहे. मी घेऊन जाते."

आयुष्यात कुठल्याही वस्तूबद्दल ती असं पहिल्यांदाच बोलत होती. साहेबांच्या बायकोने जाऊन दार उघडून धरलं.

घरी भाऊ नुसता उसळला. "साहेबांपुढे माझं नाक कापलंस तू!"

"तुझं नाक तूच कापलंस. मी फक्त तारा कापल्या."

ती गॅलरीत गेली. या गॅलरीला एका अंगाने बैठकीचं दार होतं आणि दुसऱ्या अंगाने तिच्या खोलीची खिडकी. सहा वर्षं तिने झाडाची पुढची बाजू बैठकीकडे ठेवली होती, घरच्यांना दिसावी म्हणून. स्वतःच्या खोलीतून तिला व्रणच दिसायचा.

तिने कुंडी स्टुलावर ठेवली, पाणी घातलं, मग दोन्ही हातांनी ती सावकाश फिरवली आणि आत जाऊन आपली खिडकी उघडली.

सोफ्यावरून भावाला आता तो कापलेला बुंधा दिसत होता.