खांबाचं झबलं

"आप्पा, ह्या खांबाला झबलं कावून घातलंय?"

सोसायटीचा नवा सेक्रेटरी उत्तरेश्वर हसत विचारत होता. त्याच्या मागे जेसीबी घरघरत उभा होता. सिरसाळ्याच्या सेवा सोसायटीचं जुनं गोदाम पाडून झालं होतं आणि त्या जागेवर गावातल्या पोरापोरींसाठी अभ्यासिका उठणार होती. पंखे, टेबलं, भरतीची पुस्तकं, पोरींना बसायला वेगळी खोली. पटांगणात आता एकच वस्तू उरली होती, छातीइतका उंच लाकडी खांब. गुडघ्यापासून वर त्याच्या अंगावर सुतळीनं शिवलेलं बारदान होतं.

धोंडीराम आप्पा खांबाशेजारी दगडावर बसले होते. सोसायटीची शिपाईगिरी सुटून त्यांना दहा वर्षं झाली होती, पण पोती शिवायचं दाभण अजून सदऱ्याच्या खिशात असायचं.

"जरा दम धर बाबा. पोरगी यायलीय परळीहून. येस्टीत बसली म्हणून फोन आला."

"खांब उपटायला पोरगी लागती व्हय आप्पा?"

"तिचा हाय त्यो."

उत्तरेश्वर या गावचा नव्हता. त्यानं जेसीबीवाल्याला हातानंच थांब म्हटलं आणि सावलीला जाऊन उभा राहिला.

दोन हजार तीनच्या दुष्काळात गोदाम रिकामं पडलं होतं. ना खत, ना बियाणं. धोंडीराम सकाळी कुलूप काढायचा, झाडून घ्यायचा आणि रिकाम्या गोदामाची राखण करायचा. शाळेला मैदान नव्हतं. पोरं निदान ओढ्याच्या कोरड्या पात्रात खेळत; पोरींना तेवढंही नव्हतं. खो-खो खेळणाऱ्या बारा-चौदा पोरी एके दिवशी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. पुढे त्याचीच सत्यभामा होती, नववीतली.

"आप्पा, पटांगण मोकळंच हाय की."

धोंडीरामानं गोदामाच्या जुन्या वाशांतले दोन तुकडे कापले, तासले, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केले आणि रोवले. खालची जमीन मात्र नुसता मुरूम. पोरींचे गुडघे सोलून निघायला लागले. तेव्हा धोंडीरामानं शहाणपणा केला. वीटभट्टीवर परळीच्या वीजकेंद्राची राख यायची. त्यातली एक ट्रॉली मागून आणून त्यानं पटांगणावर पसरली. कशी मऊ, पिठावाणी! दुपारी वावटळ उठली आणि सगळी राख उठून आळीवर गेली. छपरावर वाळत घातलेल्या कुरडयांची टोपली घेऊन केसरबाई गोदामावर चालून आली.

"मुडद्या! पांढऱ्याशिप्पट कुरडया होत्या माज्या! आता ह्या काय म्हशीला घालू?"

"मावशी, राख पवित्र असती."

"मंग तूच खा!"

पोरी हसून हसून लोळल्या. पण राख जमिनीला बसवायची तर पाणी हवं, आणि टँकर आठवड्यातून एकदा. मग पोरींनीच तोड काढली. घराघरांत बाजेवर बसून, खाली घमेलं ठेवून अंघोळी चालायच्या. त्या घमेल्यातलं पाणी प्रत्येकीनं एक तांब्या आणायचं. तांब्या नाही तर खेळ नाही. रोज संध्याकाळी पोरी रांगेनं साबणाचं पाणी शिंपडत आणि पटांगणाला न्हाणीघराचा वास यायचा. महिन्याभरात जमीन अशी बसली, की अनवाणी पाय ठेवावासा वाटे.

सत्यभामा खांबाची पोरगी होती. धावत येऊन एका हातानं खांब धरायची आणि अंग असं झोकून द्यायची, की पळणारीला वाटायचं गेली लांब, तोवर हिचा हात तिच्या पाठीवर. क्रीडाशिक्षक पंडित सर म्हणाले, "धोंडीराम, अंबाजोगाईला आयतवारी निवड हाय. हिचं नाव लागलं तर सरकारी वसतिगृहात जाईल बघ. खाणं, शिक्षण, सगळं तिथंच."

त्याच आठवड्यात सोसायटीचे चेअरमन मन्मथप्पांनी त्याला आपल्या दुकानात बोलावलं. पटांगणात चारा छावणी करायची होती.

"पोरी पुढच्या साली बी खेळतील, धोंडीराम. मुकं जनावर पुढच्या सालापस्तोर दम धरतंय का?"

"न्हाई, साब."

"मंग?"

"सोमवारपस्तोर थांबता येईल का? आयतवारी निवड हाय पोरींची."

मन्मथप्पा चांगला माणूस. "थांबू," म्हणाले. त्या पोरींत माझी पण एक आहे, असं धोंडीराम बोलला नाही. शिपायानं आपल्या पोरीसाठी तोंड उघडलं, की बाकीच्या तेरा पोरींचं खोटं पडतं, असं त्याला वाटलं.

गुरुवारी खेळ रंगात आलेला असताना फाटक वाजलं. केसरबाई म्हैस धरून उभी होती. म्हशीची कातडी हाडांवर वाळत घातल्यासारखी दिसत होती.

"सोमवार म्हणलेत, ठावं हाय मला," केसरबाई म्हणाली. आज आवाजाला धार नव्हती. "पर ही सोमवार बघंल असं वाटंना रे, धोंडीराम."

कुरडयांच्या वेळी हसलेल्या पोरी खेळ सोडून फाटकाशी आल्या. चाऱ्याची पहिली खेप सकाळीच गोदामात येऊन पडली होती, आणि किल्ली धोंडीरामाच्या कमरेला होती. त्यानं सत्यभामेकडे पाहिलं नाही. फाटक उघडलं. केसरबाईच्या मागे आणखी सहा जनावरं आली, आणि अंधार पडेपर्यंत तीस.

बांधायला खुंट्या कमी पडल्या. लोक म्हणाले, हे दोन खांब आहेतच की. तेव्हा धोंडीराम गोदामातून दोन बारदानं घेऊन आला, खांबांना गुंडाळली आणि दाभणानं शिवायला बसला.

"दावं खाली बांधा. गुडघ्याच्या खाली. वर हात लावायचा न्हाई."

"अरे, खांबाला झबलं शिवतोय का बे?" कुणीतरी ओरडलं. तो शिवत राहिला.

उरलेले दोन दिवस पोरी शाळेमागच्या लिंबाला धरून खेळल्या. लिंबाचं खोड जाड, खडबडीत, पंजात मावेना. आयतवारी अंबाजोगाईत सत्यभामा दोनदा खांब धरायला गेली आणि दोन्ही वेळा पंजा उशिरा मिटला. यादीत तिचं नाव आलं नाही. परतीच्या येस्टीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. परळी मागे पडल्यावर एवढंच बोलली, "सवय मोडली होती, आप्पा."

"पाऊस पडू दे. खांब नीट ठिवलाय."

पाऊस पडला. छावणी उठली, गोदामात खत आलं, पटांगणात ट्रॉल्या लागल्या. दहावीनंतर पोरी पांगल्या. अठरावं सरताच सत्यभामेचंही लग्न झालं. एक खांब बैलानं मोडला. दुसऱ्याचं बारदान दर दोन वर्षांनी कुजायचं, आणि धोंडीराम नवं शिवायचा.

फाटकातून सत्यभामा आली. खांद्याला पिशवी, केसांत कानाजवळ थोडं पांढरं. तिला वाटलं होतं, आप्पांची तब्येत बिघडली म्हणून बोलावलंय.

"हे काय, आप्पा?"

त्यांनी दाभणानं सुतळी उसवली. बारदान अंगातून उतरावं तसं खाली आलं. खाली गुडघ्याशी दाव्यांनी दोन बोटं खोल खाच पाडली होती. वर लाकूड मधाच्या रंगाचं, तळहातांनी घासून घासून झालेलं, तसंच्या तसं.

सत्यभामा बघत राहिली. मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केला. पंजा बरोबर बसला.

"येवढी वर्षं... मला एकदा बी बोलला न्हाईत तुमी."

"काय बोलू? फाटक तर मीच उघडलं व्हतं."

"तुमच्या जागी मी असते तर मी बी उघडलं असतं, आप्पा."

आप्पा खाली बघत दाभणाला लागलेले धागे काढत राहिले. उत्तरेश्वरनं जेसीबीचं इंजिन बंद करायला लावलं.

सत्यभामेनं डोळे पुसले, बारदान उचललं, झटकलं. त्यातून थोडी करडी राख उडाली. मग मांडीवर घेऊन, लेकराच्या कपड्याची घालतात तशी, त्याची लहान घडी घातली आणि पिशवीत ठेवली.