विदूषकाचं नाक

...डावा डोळा मात्र घसरायला लागला होता. चॉकलेटचा डोळा, तो घसरणारच — पण बशीतल्या विदूषकाच्या पांढऱ्या गालावरून तो इतक्या निवांतपणे खाली येत होता, की चवसाहेबांना त्याचा हेवा वाटला.

चवसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. आइस्क्रीमच्या कारखान्यात चव बघण्यात जन्म गेलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेला, च्युइंगमच्या नाकाचा हा काडीवरचा विदूषक कंपनी परत आणणार होती — लोकांना हल्ली लहानपण विकत हवं असतं, तेही वेष्टनासकट — आणि जुनी चव आठवणारी जीभ कारखान्यात एकच उरली होती. बाकीच्या निवृत्त झाल्या. एक मधुमेहाने कामी आली.

"तुम्ही नुसतं हो म्हणा," समोर बसलेला मॅनेजर म्हणाला, "की यंत्र सुरू."

हो म्हणायला काय लागतं... कालपर्यंत काहीच लागत नव्हतं. जिन्याची पायरी, शेजारी ताई, दोघांत एक विदूषक, अर्धा तिचा, अर्धा माझा, नाक आळीपाळीने — ही आठवण त्यांनी इतक्या जणांना ऐकवली होती, की जाहिरातवालीने तिचंच चित्र करून घेतलं होतं: भाऊ, बहीण, एक काडी. चित्राबद्दल सांगावं म्हणून सकाळी ताईला फोन केला, आणि ताई हसली.

"अर्धा? अरे, मला काडी मिळायची. चोखायला."

"काहीतरीच काय, ताई."

"नाक तर तू खिशात घालून पळायचास. असू दे रे, लहान होतास. बरं, गुडघ्याला ते कुठलं तेल म्हणाला होतास?"

तेलाचं नाव त्यांनी सांगितलं. ताई थट्टा करत असेल, तिला सवयच आहे... पण थट्टा करताना ती आधी खाकरते, आणि आज खाकरली नव्हती.

त्यांनी कोमट पाण्याने चूळ भरली. चव बघायची ती जिभेवर घोळवून, मग कपात थुंकून; गिळायचं नाही, गिळणारा चार दिवसांत लठ्ठ होतो आणि आठ दिवसांत खोटारडा, असं तेच नव्या लोकांना शिकवत आले होते. त्यांनी विदूषकाच्या ओठांचा एक तुकडा तोडला. दूध, साखर, थोडा व्हॅनिला — आणि पायरी? पायरी येईना. ताईचा चेहरा येईना. दुसरा तुकडा. थंडी हिरड्यांत शिरली. शेजारी कुणीतरी बसलेलं असणार, बसलेलं असायलाच हवं... तिसरा...

"तीच ना?" मॅनेजरने विचारलं आणि पुढे वाकून बशीकडे हात केला. "बघू, मीही जरा —"

चवसाहेबांनी बशी स्वतःकडे ओढली.

कप कोरडाच होता. तोंड इतकं भरलं होतं, की हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. दात ठणकत होते, आणि तरीही ते भराभर गिळत होते, कोपर बाहेर काढून, बशीला आडोसा करून — मी असाच बसायचो, हे डोक्याच्या कितीतरी आधी कोपराला आठवलं होतं.