माझ्या अंगावरची त्रेसष्टावी पट्टी

मी एक जुना, पाठीत वाकलेला ग्रंथ आहे, मित्रांनो. देशाची राज्यघटना माझ्यात छापलेली आहे आणि न्यायालयाच्या ग्रंथालयात माझा मुक्काम आहे. खरं सांगू? आता मी फार थकलो आहे.

नवा होतो तेव्हा न्यायमूर्ती हात धुऊन मला उघडायचे. पुढे संसदेने एखादं कलम बदललं की छापील पट्टी यायची आणि ग्रंथपालकाका ती जुन्या मजकुरावर डकवायचे. खळ मात्र एकाच कडेला लावायचे. "खाली काय होतं तेही दिसायला हवं," म्हणायचे. बदलाला माझी कधीच ना नव्हती. काही पट्ट्यांनी तर मला शहाणं केलं.

त्रेसष्टावी पट्टी मात्र मला मुळीच पटली नाही. सरकार ज्या वस्तीतली घरं ताब्यात घेईल, तिथल्या कुणाचीही तक्रार कोणत्याही न्यायालयाने ऐकू नये, असं तिच्यावर छापलं होतं.

सरकार पाडायला निघालेल्या अशाच एका गल्लीतली शिवणकाम करणारी बाई तरीही न्यायालयात आली. घर गेलं तर मशीन कुठे मांडायचं, हा तिला घोर. निकाल लागेपर्यंत तिचं घर पाडू नका, एवढं न्यायमूर्तींनी बजावलं. मग चार वर्षं तारखा पडत राहिल्या.

शेवटी सरकारी वकील म्हणाले, "संसद लोकांनी निवडली आहे. तिला अडवणारे आपण कोण?"

बाई मागच्या बाकावरून उठली. "मीपण मत त्यांनाच दिलंय, साहेब. पण माझं कुणी ऐकूच नये, यासाठी नव्हतं दिलं."

न्यायमूर्तींनी पट्टी उचलून खालचं कलम वाचलं. अन्याय झालेल्या प्रत्येकाला न्यायालयात दाद मागता येईल, असं ते होतं. संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिचा कणा मोडू शकत नाही, असं सांगून त्यांनी ती दुरुस्ती रद्द केली.

"म्हणजे घर वाचलं?" बाईने आपल्या वकिलाला विचारलं.

"नाही, ताई. घराबद्दलचं तुमचं म्हणणं आता ऐकतील. आजपासून सुरुवात."

"नुसतं ऐका म्हणायला चार वर्षं गेली हो," ती म्हणाली, आणि तिने पुढची तारीख लिहून घेतली.

मित्रांनो, मला मखमलीत गुंडाळून ठेवू नका, तिथे वाळवी लागते. मला उघडून वाचा, आणि कायदा करणाऱ्यांना त्यांची हद्द वेळेवर दाखवा. त्या गल्लीतल्या बाकीच्या अकरा घरांनी पट्टीवर विश्वास ठेवला. आपलं कोण ऐकणार, म्हणून ती माणसं मुकाट्याने निघून गेली. निकाल लागला तेव्हा तिथे बाईचं एकच घर उभं होतं.