माझ्यावर ओतलेली बादली

मी वसईतल्या सांडोर गावची जुनी जर्मन व्हॅन बोलतेय. चर्चच्या आवारात उभी आहे, इंजिन बंद आहे, तरी थरथरतेय. आज सकाळी इथे जे ऐकलं, त्यातून मी अजून सावरले नाही.

माझा जन्म १९७१चा. माझं इंजिन पाठीत आहे आणि ते पाण्याने नाही, वाऱ्याने थंड होतं. रबरी पट्ट्यावर एक पंखा फिरतो, तो वारा घालतो. एवढी साधी गोष्ट! पण वसईत आल्यापासून जो तो माझ्यापुढे वाकून विचारतो, "पाणी कुठे घालतात हिच्यात?" कुठेच नाही हो. मला रेडिएटरच नाही.

मुंबईतल्या एका परदेशी इंजिनियरने मायदेशी जाताना मला विकलं. सांडोरच्या सिप्रियन यांनी मला केळी वाहायला घेतलं आणि चालवायला ठेवला रामनाथ, कामणकडचा. अंगठ्याने पट्टा दाबून बघितल्याशिवाय त्याने मला सकाळी कधी हलवलं नाही.

१९९१चा मे महिना. केळीचे घड भरून आम्ही भिवंडीला निघालो होतो. सिप्रियन शेजारी बसले होते. चिंचोटीच्या पुढे पट्टा तुटला. रामनाथने तत्क्षणी मला बंद केलं. "शेठ, हात लावू नका. निवू दे तिला. मी पट्टा घेऊन येतो," म्हणाला आणि उन्हातून चालत गेला.

तासाभरात मी आपोआप निवले असते. पण धीर कुठला! सिप्रियन यांनी जवळच्या विहिरीवरून बादली भरून आणली, माझं मागचं झाकण उघडलं आणि गार पाणी थेट तापलेल्या इंजिनावर ओतलं.

टण्! माझ्या हेडला, म्हणजे इंजिनाच्या डोक्याला, तडा गेला.

रामनाथ आला तोवर पाण्याची वाफ होऊन गेली होती. त्याने पट्टा बसवला, पण मी नुसती खोकले. "पट्टा वेळेवर बदलला असतास तर इंजिन गेलं नसतं," सिप्रियन म्हणाले. "संपवलीस माझी गाडी." रामनाथने मान खाली घातली. पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटल्यावर, याच आवारात, सिप्रियन यांनी सगळ्यांना तेच सांगितलं. मग गावात कोणी रामनाथला चालवायला गाडी दिली नाही.

मी अकरा वर्षं केळीच्या बागेत उभी राहिले. कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली. ओरडून खरं सांगावंसं वाटे, पण माझा हॉर्नसुद्धा गंजला होता.

२००२ साली सिप्रियन यांची मुलगी कॅरल बी.एस्सी. झाली आणि तिने मला पुन्हा चालती करायचं ठरवलं.

"एवढं शिकून मिस्त्री व्हायचंय का?" सिप्रियन म्हणाले.

"पप्पा, तुम्ही न शिकता सल्ले देता, मी शिकून पाना धरते. ज्याचं त्याचं नशीब!"

तिने चार महिने गंज खरवडला. इंजिन उतरवलं, माझं हेड पोत्यात गुंडाळलं आणि स्कूटरवरून गोखिवऱ्याला नेलं. रामनाथ तिथे एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. माझंच डोकं ते, म्हणून मी सगळं ऐकलं.

"काका, हे इंजिन तुमच्याशिवाय कोणाला कळत नाही."

"मीच मारली तिला, पोरी. माझ्याकडून नको." तरी सवयीने त्याने हेड उजेडात धरलं. त्याचं बोट तड्यावर थांबलं. "हा तडा पट्ट्यानं जात नाय. तापलेल्यावर गार पानी पडलं की जातो." त्याने हेड खाली ठेवलं. "मी घरी बायकोला पण सांगितलं, माझी चूक झाली म्हणून."

कॅरल रागाने लाल होऊन घरी आली. "पप्पा, तुम्ही इंजिनवर पाणी ओतलं होतंत?"

"मग? तापलेल्या गाडीवर पाणी नाय ओतायचं तर काय, दूध?"

मी हादरले. अकरा वर्षं मी समजत होते की हा माणूस खोटं बोलला. त्यांना तर आपण काही केलं हेच माहीत नव्हतं! रामनाथला एकदा विचारलं असतं तर कळलं असतं. पण नोकराला विचारायचं कशाला?

कॅरलने समजावलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "जाऊ दे गो, जुनं झालं. त्याला एक घड देऊन ये."

"घड नाही, पप्पा. जिथे सांगितलंत, तिथेच सांगायचं."

रामनाथने मला मन लावून दुरुस्त केलं. आज कॅरलने त्याला शेजारी बसवून मला इथे आणलं. मिस्सा सुटली. माणसं जमली. सिप्रियन यांनी घसा खाकरला. "रामनाथची चूक नव्हती. ही गाडीच मुळात बोगस."

मी? बोगस?

"पप्पा!" कॅरल एवढ्या जोरात ओरडली की फादरही दारात थबकले.

"पाणी मी ओतलं," सिप्रियन हळूच म्हणाले. "इंजिन माझ्यामुळे गेलं."

आता तरी कोणी रामनाथचा हात धरेल, असं मला वाटलं. पण एक म्हातारबाबा पुढे आले आणि म्हणाले, "म्हणजे तापल्यावर पाणी नाय ओतायचं?" झालं! सगळे माझ्याभोवती गोळा झाले. झाकण उघडलं, पंखा बघितला, वाद घातला. सिप्रियनही त्यांच्यात मिसळून हात हलवत बोलू लागले. कॅरल एकेकाला बाजूला सारत होती, पण तिचं कोण ऐकतो!

रामनाथकडे एकानेही पाहिलं नाही. तो दोन मिनिटं उभा राहिला आणि फाटकातून बाहेर गेला.

तो अजून बसस्टॉपवर आहे, मला इथून दिसतोय. अहो सिप्रियन, माझं झाकण सोडा. रामनाथची माफी मागायची राहिली आहे तुमच्याकडून. रविवारची बस उशिरा येते, पण येते. ती यायच्या आत जा.